कासच्या पठारावरचं फुकटखाऊ फूल

सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, सगळं झालं. ठोसेघरला धुक्यामुळे धबधबा फक्त ऐकू आला. लिहायचंय ते कासबद्दल, तेही तिथल्या हातभर जागेबद्दल.

यवतेश्वरचा घाट चढून वर गेलं की गाड्यांची रांग सुरू होते. २०१२ साली जागतिक वारशात नाव गेलं तेव्हापासून कासला येणाऱ्यांना फुलं नको असतात, गालिचा हवा असतो. तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यासमोर उभे राहून एक गृहस्थ बायकोला म्हणत होते, "फोटोत होतं तसं काही नाही बुवा." त्यांच्या बुटांशेजारी सीतेची आसवे होती, गेंद होते, किडे पकडणारा दवबिंदू होता. त्यांनी मान खाली घातली ती फक्त मोबाइल बघायला.

मी वैतागून कडेच्या झुडपांकडे वळलो. तिथे गावच्या समितीच्या एक मावशी शिट्टी घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तर त्या म्हणाल्या, "हितं या, दादा. पाय जपून टाका. ह्ये बघा."

गवताच्या बुंध्यात वीतभर उंचीचे तीन-चार देठ. पान नाही, फांदी नाही, हिरवेपणाचा ठिपकासुद्धा नाही. पिवळसर देठांवर लालसर रेघा आणि प्रत्येकाच्या टोकाला खाली वाकलेलं एकच जांभळट फूल. थेट चिलीमच. आत डोकावलं तर पिवळी, मांसल कुक्षी.

मागून एक मुलगा आला. "कुत्र्याची छत्री आहे का?"

"छत्री न्हाई बाळा, फूलच हाय," मावशी म्हणाल्या.

बरोबरच होतं. ही एजिनेटिया इंडिका. हरितद्रव्य नाही म्हणून ती अळंबी होत नाही. तिला फूल येतं, फळ धरतं, बी होतं. फक्त स्वतःचं अन्न करता येत नाही. ते सगळं शेजारच्या गवताकडून. जमिनीखाली तिची शोषक मुळं गवताच्या मुळांत घुसतात आणि पाणी, क्षार, साखर, सगळं ओढून घेतात. पानं हवीत कशाला? ती बुडाशी खवल्यांएवढी उरली आहेत. बी धुळीइतकं बारीक, त्यामुळे पोटात शिदोरी जवळजवळ नाहीच. म्हणून ते कुठेही रुजत नाही. यजमानाच्या मुळातून पाझरणाऱ्या रसायनांची चाहूल लागली तरच अंकुर फुटतो. वर्षातला बराच काळ ही बाई जमिनीखालीच. पावसाळ्यात फुलायला तेवढी वर येते.

आपण झाडावरच्या बांडगुळाला उगाच बदनाम करतो. त्याला चांगली हिरवी पानं असतात. ते झाडाकडून पाणी आणि क्षार घेतं, पण स्वयंपाक बराचसा स्वतः करतं. इथे चूलच नाही.

मी हे मावशींना सांगत होतो (न विचारता, ही माझी खोड आहे). आशियात काही ठिकाणी ही उसाच्या मुळांनाही लागते म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजे टारफुल्याची भावकी म्हना की."

मी गप्पच झालो. शास्त्रज्ञांनीही तेच केलंय. ज्वारी-उसातला टारफुला, तंबाखूच्या रानातला बंबाखू आणि हे फूल, तिघं एकाच कुळात बसवलेत. त्यातला टारफुला निदान हिरवा असतो, थोडंफार कमावतो. बंबाखू आणि ही मात्र पूर्ण परावलंबी.

"मग उपटत न्हाईत व्हय हिला?" मीच त्यांच्या बोलीत विचारलं.

"हितं कुनाचा ऊस हाय? गवताचंच खातीया. खाऊ दे की."

तेवढ्यात त्या मुलाच्या वडिलांनी मूळ बघायला म्हणून देठाला हात घातला. मावशींची शिट्टी अशी वाजली की तेरड्यापाशी उभे असलेले गृहस्थसुद्धा दचकले. "कुंडीत लावायचं होतं," असं वडील पुटपुटले. कुंडीत काय लावणार? गवताच्या मुळांपासून तोडली की संपलीच ती.

नंतर कुमुदिनी तळं, भिजलेली भजी, परतीच्या घाटात तासभर कोंडी. फोटो धूसर आलेत, तरी टाकतोय. जागा नेमकी कुठली ते विचारू नका. मावशींना शब्द दिलाय.