तुम्ही विचारलंत म्हणून : ती भिंत म्हणजे यंत्राची आरती का?

पुण्याहून कुणी आमच्याकडे डेट्रॉइटला आलं की मी त्यांना आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या, मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रांच्या दालनात नेते. पाच मिनिटांत प्रश्न येतोच. मेक्सिकन भित्तिचित्रांनी यंत्रयुगावर टीका केली म्हणतेस, मग ही २७ चित्रं फोर्डच्या पैशांतून, फोर्डच्याच कारखान्यावर कशी? आणि तू स्वतः गाड्यांच्या पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, डिझाइन करतेस, तुला ती आवडतात कशी? इतकी वर्षं मी वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

पैसे हेन्री फोर्डच्या मुलानं, एडसेल फोर्डनं दिले, खरं आहे. दक्षिण भिंतीच्या कोपऱ्यात त्याचा चेहराही आहे. पण पैसे देणाऱ्याचंच म्हणणं रंगवायचं, अशा स्वभावाचा रिव्हेरा नव्हता. ही चित्रं पूर्ण झाली त्याच १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये, धनाढ्य रॉकफेलर घराण्याच्या रॉकफेलर सेंटरमध्ये त्यानं लेनिन रंगवला, तो काढायला नकार दिला, आणि १९३४ च्या फेब्रुवारीत ते चित्र भिंतीवरून फोडून काढलं गेलं. इथेही मान वर करून उत्तरेची भिंत बघा. एका बाजूला बाळाला लस टोचताहेत, दुसऱ्या बाजूला विषारी वायूचे बाँब तयार होताहेत. पश्चिमेला प्रवासी विमानं आहेत आणि लढाऊही. ही आरती नव्हे.

पण एकेकाळी मी मराठी मंडळींसमोर ठासून सांगितलं होतं की हा यंत्राविरुद्धचा खटला आहे. तेही खरं नव्हतं. खटला बघायचा तर ओरोस्को या दुसऱ्या मेक्सिकन भित्तिचित्रकाराकडे जावं. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारामधल्या ओस्पिसिओ काबान्यास या जुन्या अनाथाश्रमाच्या छतावर त्यानं मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेसच पोलादाचा केलाय, घोडाही यंत्राचा. रिव्हेराचा मात्र यंत्रावर जीव होता. आणि एक गोष्ट मी तेव्हा सांगितली नाही, कारण ती अडचणीची होती. रिव्हेरा इथे यायच्या दीडेक महिना आधी, ७ मार्च १९३२ ला, बेकार कामगारांचा मोर्चा फोर्डच्या रूज कारखान्यावर गेला होता. पोलिसांनी आणि कंपनीच्या रखवालदारांनी गोळ्या झाडल्या. चार जण तिथेच गेले, पाचवा नंतर. तो मोर्चा या भिंतींवर कुठेही नाही.

तरी मी तिथे जाते, ते बाबांमुळे.

बाबा भोसरीतल्या एका शेडमध्ये पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर होते. हात आत जाऊ नये म्हणून असलेला गार्ड लावला की पाळीला पीस कमी निघतात, म्हणून तो काढून ठेवलेला असायचा. एका रात्रपाळीला पेडलवरून पाय काढल्यावरही प्रेस दुसऱ्यांदा खाली आला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी तेव्हा तिसरीत होते. त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. जेवताना ते चमचा घ्यायला लागले, एवढंच.

इथे आले तेव्हा ते सत्तरीचे होते. मी त्यांना दक्षिण भिंतीसमोर बाकावर बसवलं. उजवीकडचा तो भलामोठा स्टॅम्पिंग प्रेस त्यांनी क्षणात ओळखला, एखादा जुना सोबती ओळखावा तसा. मी उत्साहानं सांगायला लागले, की या प्रेसचा आकार बघा, ही अझटेकांची कोआत्लिक्वे आहे, सापांचा परकर नेसलेली देवी. जन्म देणारी तीच, गिळणारीही तीच. बाबा ऐकत नव्हते. ते पुढे झाले आणि एकेका माणसाचे हात बघत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग परत येऊन बसले.

"एकाचंही बोट गेलेलं नाही का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेकडो वेळा बघितलेल्या भिंतीकडे मी तशी कधी बघितलीच नव्हती. याच भिंतीवर कामगारांकडे टक लावून बघणारे, सहलीला आल्यासारखे नटूनथटून आलेले लोक आहेत. मी त्यांच्यातली, असं तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "देवी म्हणालीस ते बरोबर आहे. त्या वर्षी खंडेनवमीला मीच तिला झेंडूचा हार घातला होता. हाताला पट्टी होती अजून."

"का घातलात, बाबा?"

"मग? पोट तिच्यावरच होतं ना."

मी चिडले. मालकानं गार्ड काढायचा आणि हार तुम्ही घालायचा? त्या दालनात मी जरा मोठ्यानंच बोलले असेन, लोक वळून बघायला लागले. बाबा शांत होते. यंत्राला नावं ठेवलेली त्यांना आवडत नसत, तेव्हाही आणि नंतरही. मला वाटतं रिव्हेराचं आणि त्यांचं जमलं असतं, आणि हे मला अजून सहन होत नाही.

म्हणून सरळ उत्तर देता येत नाही. स्तुती म्हणाल तर मला ते विषारी बाँब दिसतात. टीका म्हणाल तर भिंतीवरची ती शाबूत बोटं.

निघताना बाबांनी विचारलं, "तू जो डाय काढतेस, त्याच्या प्रेसला गार्ड आहे की नाही, ते कोण बघतं?"

"आता लाइट कर्टन असतात बाबा. हात मध्ये आला की प्रेस थांबतो."

"ते कळलं. बघतं कोण?"

"दुसरं खातं असतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि उजवा हात स्वेटरच्या खिशात घातला.