लाँच मारताना क्लच नेमका कशाने जळतो

लाँच म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन जास्त आरपीएमवर धरून क्लच सोडत जोरात निघणं. त्यात क्लच जळालेली गाडी गॅरेजमध्ये आली की मालक हमखास सांगतो, ‘पेडल हळूहळूच सोडलं होतं हो!’ खरी गोम तिथेच आहे. इंजिन ५,००० आरपीएमवर धरून ठेवलं असेल तर पेडल हळू सोडा की जरा लवकर, क्लचची प्लेट घसरताना होणारी एकूण उष्णता जवळपास तेवढीच राहते. ती ठरते गाडीच्या वजनावर आणि आरपीएमवर, आणि आरपीएमच्या तर वर्गाच्या पटीत वाढते.

हिशेब मांडून बघा. १,२०० किलोची गाडी, पहिल्या गिअरात २,००० आरपीएमला साधारण ताशी १६ किमी. तिथपर्यंत पोचताना क्लचमध्ये सुमारे १२ किलोज्यूल उष्णता होते. तीच गाडी ५,००० वर धरून सोडली तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत वेग ४० झालेला असतो आणि उष्णता ७४ किलोज्यूल. आरपीएम अडीचपट, उष्णता सहापट. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट (या दोघांमध्ये क्लचची प्लेट दाबली जाते) मिळून १० किलो बीड धरलं तर एका लाँचला ते सरासरी १५ अंशांनी तापतं. आकडा किरकोळ वाटतो, पण हे सगळं दोन-अडीच सेकंदांत घडतं. उष्णता आत मुरायच्या आधी वरचा थर कितीतरी जास्त तापतो. शिवाय बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) जवळजवळ बंदच, वारा लागत नाही. लागोपाठ पाच-सहा लाँच मारले की प्लेटवरच्या लायनिंगमधलं (घर्षणाच्या थरातलं) रेझिन वर येतं, पृष्ठभाग चकाकी धरतो, पकड जाते. फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात आणि मग पहिल्या गिअरात निघताना गाडी थरथरते.

पेडलवरून पाय एकदम काढला तर इंजिनचे आरपीएम पडतात आणि क्लच कमी तापतो. मात्र तो झटका प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा, ॲक्सल, डिफरन्शियल आणि इंजिन माउंटवर जातो. (बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या लाइनमध्ये एक व्हॉल्व्ह तेलाचा वेग रोखतो, त्यामुळे पाय झटकन काढला तरी प्लेट थोडी घसरतेच.) ओल्या रस्त्यावर चाकं जागीच फिरतात आणि क्लच वाचतो. रुंद, चिकट टायर टाकले की सगळा भार प्लेटवर. फोर व्हील ड्राइव्हला सर्वांत जास्त.

फोक्सवॅगन व्हर्टस १.५ टीएसआय मॅन्युअलला २५० न्यूटन मीटर टॉर्क १,६०० आरपीएमपासून मिळतो. अशा गाडीला ५,००० ची गरजच काय? २,००० ते २,५०० वर बाइटिंग पॉइंटला (क्लच पकडू लागतो तिथे) आणा, क्लच पूर्ण पकडला की मगच ॲक्सिलरेटर तळाला. वेळेत थोडं नुकसान होईल, पण गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे ते काहीच नाही.

मुंबईत ड्रॅग स्ट्रिप (सरळ शर्यतीचा ट्रॅक) नाही. हौशी लोक लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर जातात आणि तापलेला क्लच घेऊन परत येताना खंडाळ्याच्या घाटातल्या रांगेत अडकतात. धावपट्टीवर वाचलेली प्लेट तिथल्या अर्ध्या क्लचवर जाते. त्याऐवजी शेवटच्या लाँचनंतर वरच्या गिअरात, क्लचला हात न लावता पंधरा-वीस मिनिटं शांत चालवा. थांबलात तर न्यूट्रलला, पाय पेडलवरून खाली. रात्री बीकेसीच्या रस्त्यावर लाँच मारणाऱ्यांना सल्ला द्यायचं काम ट्रॅफिक पोलिसांचं.

चार-पाच लाँचनंतर पेडल मऊ पडलं किंवा खालीच राहिलं तर लगेच प्लेटला दोष देऊ नका. हायड्रॉलिक क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) बेलहाउसिंगच्या आत असेल तर त्यातलं तेल उकळतं. ते बहुधा ब्रेकचंच डॉट ४ असतं आणि मुंबईच्या दमट हवेत ओलावा पटकन ओढतं. दोन वर्षांनी बदला, हवा नीट काढा. प्लेट खरंच घसरतेय का हे पाहायला क्लच थंड असताना चौथ्या गिअरात २,००० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा उडाला आणि वेग मागे राहिला तर प्लेट संपली. चाचणी एकदाच, पुन्हा पुन्हा केली तर उरलंसुरलंही जाईल. केबलच्या क्लचला झीज फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) कमी होण्यातून कळते, हायड्रॉलिकला पेडल बराच काळ काही सांगत नाही.

गिअरबॉक्स उतरलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही बदला आणि क्रँकचा मागचा ऑइल सील बघा. तेलाचा एक थेंब नव्या प्लेटचा सत्यानाश करतो. जुन्या प्लेटवर रिव्हेटचं डोकं पृष्ठभागापासून किती खोल आहे ते मोजा, अनेक जपानी गाड्यांत ०.३ मिमी ही शेवटची मर्यादा. साधं फ्लायव्हील लेथवर घासून घेता येतं, ड्युअल मास (स्प्रिंगांनी जोडलेलं दोन भागांचं) असेल तर सहसा बदलावंच लागतं. ऑपेरा हाउसच्या स्पेअर बाजारात जाताना जुनी प्लेट सोबत न्या, व्यास आणि स्प्लाइन (मधल्या भोकातले दाते) जुळवून बघा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे, नाहीतर ती वाकते.

सिरॅमिक पकवाला क्लच (अख्ख्या लायनिंगऐवजी सिरॅमिकचे तुकडे बसवलेला) रोजच्या गाडीत टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या संध्याकाळच्या गर्दीत तो एकतर सुटलेला असतो नाहीतर पकडलेला, मधलं काही नाही. पेडलही बहुधा जड. ऑरगॅनिक (नेहमीच्या लायनिंगची) प्लेट आणि थोडी जास्त दाबाची प्रेशर प्लेट पुरते. नवीन सेटला पहिले ८०० किमी लाँच नाही. शहरातलं सुरू-बंद चालेल, पण केम्प्स कॉर्नरच्या चढावर हँडब्रेक लावूनच थांबायचं.