परका लांडगा शिवेवर थांबतो तेव्हा

मी लिहीत असलेल्या कथेतला लांडग्यांचा कळप सोलापूरकडच्या माळरानावर राहतो आणि होता होईल तो रक्त सांडत नाही. मात्र त्याचे रीतिरिवाज खऱ्या लांडग्यांच्या वागण्याला धरूनच असावेत, असा माझा आग्रह आहे. खरे लांडगे पायवाटांवर मूत्राच्या खुणा सोडून, मागच्या पायांनी माती उकरून आणि लांब हेल काढून आपली शीव राखतात, आणि त्यामुळे पुष्कळशा झटापटी मुळातच टळतात.

माझ्या कळपात परका लांडगा शिवेवर थांबतो, शेपूट खाली सोडतो, कान मागे पाडतो आणि वडीलधारी मादी त्याला हुंगून घेईपर्यंत जागचा हलत नाही. त्याला पाणी आणि विसावा मिळतो, पण पिल्लांच्या बिळाकडे फिरकण्याची मुभा मिळत नाही. हा नियम मी कधीही सैल करणार नाही. परक्याचा स्वीकार ही निव्वळ कविकल्पना नव्हे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली, अभ्यासकांनी आठ क्रमांक दिलेल्या तरुण नराने, जोडीदार मारला गेलेल्या मादीची पिल्ले आपली मानून वाढवली.

प्रवास मात्र एकट्याचा असतो. वयात आलेले लांडगे जोडीदार आणि मोकळी जागा शोधत घर सोडतात. स्लाव्ह्त्स नावाचा नर २०११ च्या हिवाळ्यात स्लोव्हेनियातून निघून ऑस्ट्रियामार्गे इटलीतील वेरोनाजवळच्या डोंगरांत पोहोचला. माझ्या कथेत निघणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि तो परतला तर त्यालाही आधी शिवेवरच थांबावे लागते.