तुम्ही विचारलंत म्हणून : पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीचं टेबल

जून-जुलैत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असतो आणि विद्यार्थी मदत गटाचं प्रमुखपद नुकतंच त्याच्या गळ्यात पडलेलं असतं. ‘‘नव्या मुलांसाठी यंदा काय काय ठेवू?’’ डोक्यात फ्रेशर्स पार्टी, बॅनर, टी-शर्ट. उत्तर दरवर्षी तेच द्यावं लागतं: रोज ठरलेल्या वेळी मुलांना अडचणी विचारता येतील असं एक टेबल ठेवा, टेबलावर एक वही ठेवा आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते उठू देऊ नका. टी-शर्ट नसले तरी कोणाचं काही अडत नाही.

वेळ दुपारी 12 ते 2. बडोद्यात हे फार महत्त्वाचं, कारण महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणारी कितीतरी मुलं आणंद, भरूच, डभोई, पादरा इथून रोज अपडाउन करतात. मीटिंग संध्याकाळी सहाला ठेवलीत की ती सगळी गळाली. त्यांना गाडी गाठायची असते. मग उरतं ते हॉस्टेलवाल्यांचं मंडळ, आणि कोण येत नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. जागेचंही तसंच. इथे सगळं एका कुंपणात नाही. आर्ट्सचा घुमट स्टेशनाजवळ, टेक्नॉलॉजी कलाभवनात, परफॉर्मिंग आर्ट्स सुरसागरापाशी. एका कोपऱ्यात टेबल टाकून ‘सर्वांसाठी’ असा बोर्ड लावू नका. माणसं कमी असतील तर एकच फॅकल्टी घ्या आणि ती नीट सांभाळा.

माणसं किती लागतात? याचं गणित सरकारी कागदात आहे, फक्त कोणी वाचत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमांतच मेंटॉरिंग सेलची तरतूद आहे: सहा नव्या मुलांमागे एक मेंटॉर (त्यांना सांभाळून घेणारा जुना विद्यार्थी), आणि अशा सहा मेंटॉरमागे वरच्या वर्गातला एक. म्हणजे 180 मुलं असतील तर 30 मेंटॉर आणि त्यांच्यावर पाच जण. प्रत्यक्षात 30 ऐवजी 36 मेंटॉर तरी घ्या. पहिली मिड-सेम (सत्राच्या मधली परीक्षा) आली की चार-पाच जण फोन उचलेनासे होतात आणि नवरात्रात तर विचारूच नका; रात्री गरबा खेळून आलेला मेंटॉर दुसऱ्या दिवशी अकराच्या आत डोळे उघडत नाही. त्या नऊ दिवसांची पाळी आधीच लिहून काढा, गरब्याला न जाणाऱ्यांची. अशी माणसं बडोद्यातही सापडतात, शोधावी लागतात इतकंच.

निवड मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आधी उरकून घ्या. दुसऱ्या वर्षात जाणारी मुलं सगळ्यात कामाची, कारण कोणत्या खिडकीवर कोणता कागद मागतात हे त्यांना अजून आठवत असतं. वर्गात पहिला येणाराच हवा असं नाही. ज्याचा एखादा विषय राहिला होता आणि ज्याने तो सोडवला, त्याला पुनर्परीक्षेचा फॉर्म कुठे मिळतो ते माहीत असतं.

आता वही. रकाने पाचच: तारीख, फॅकल्टी, काय विचारलं, कुठे पाठवलं, काम झालं का. पाचवा रकाना कोणी भरत नाही आणि तोच महत्त्वाचा. ‘ऑफिसात जा’ म्हणून पाठवलेला मुलगा तिथून परत फिरला असेल तर आपण मदत केलेली नाही, त्याची एक चक्कर वाढवलीय. दर शनिवारी प्रमुखाने वही घेऊन बसायचं आणि रिकाम्या पाचव्या रकान्यांना फोन लावायचे. त्यासाठी नंबर वेगळ्या चिठ्ठीवर घ्या. घरची, तब्येतीची किंवा त्रास देण्याची तक्रार असेल तर वहीत नाव-नंबर काहीच नको, कारण वही टेबलावर उघडी पडलेली असते.

प्रश्न बहुतेक कागदांचेच असतात. पहिलं दुखणं नावाचं. डिजीलॉकरमधून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (मुलाची क्रेडिट्स जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा) आयडी काढायला गेलं की आधार आणि मार्कशीट यांतली नावं जुळत नाहीत. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर. आपल्या मराठी घरांत आणखी एक भर: इंग्रजीत गायकवाड एकीकडे ‘ए-ई’ने, दुसरीकडे ‘ए-आय’ने. कोणता कागद दुरुस्त करायचा हे आधी ठरवा. शक्यतो आधारच बदलावं, बोर्डाच्या मार्कशीटची दुरुस्ती लांबते.

दुसरं दुखणं स्कॉलरशिपचं. राज्य सरकारच्या डिजिटल गुजरात पोर्टलवर फॉर्म मंजूर दिसतो, पण खात्यात पैसे नाहीत. कारण बहुधा एकच असतं. थेट जमा होणारी रक्कम ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं गेलं तिथे जाते, फॉर्ममध्ये कोणताही खातेक्रमांक लिहिलेला असो. शाळेत असताना उघडलेलं झीरो बॅलन्सचं खातं घरचे विसरून गेलेले असतात. पैसे तिथे पडतात, नाहीतर ते खातं बंद पडलेलं असल्याने परत जातात. आधार कोणत्या बँकेशी जोडलंय हे आधी बघायला सांगा, मग ऑफिसात पाठवा. आणि एक सक्त नियम: मेंटॉरने कोणाचा ओटीपी विचारायचा नाही, आधारचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचा नाही. फॉर्म मुलानेच भरायचा, आपण शेजारी बसायचं.

व्हॉट्सॲपवर 180 जणांचा मोठा ग्रुप करू नका. पहिल्याच रात्री मुलींचे नंबर भलत्यांच्या हाती जातात. कम्युनिटी करा, तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बोलणं मेंटॉरच्या सहाजणांच्या ग्रुपवर. विश्वामित्रीला पूर आला तर नदीकाठच्या पीजीतली मुलं कुठे आहेत हे याच ग्रुपांवरून अर्ध्या तासात कळतं. (बाहेरगावच्या मुलांना नदीत मगरी आहेत हे थट्टा वाटतं. थट्टा नाही, हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा.)

‘परिचय’ या नावाखाली नव्या मुलांना उभं करून गाणं म्हणायला लावणं, नक्कल करायला लावणं हे रॅगिंगमध्येच येतं, मग करणारे कितीही प्रेमाने करोत. मदत गटाकडूनच हे घडतं तेव्हा तक्रार करायला मुलाकडे कोणी उरत नाही. पहिल्या भेटीत बोलायचं ते मेंटॉरने. रॅगिंगविरोधी हमीपत्र मुलाला आणि पालकांना दर वर्षी भरावं लागतं, त्याची आठवण द्या, आणि 1800-180-5522 हा हेल्पलाइन नंबर टेबलावर मोठ्या अक्षरांत लावा.

खरी कसोटी तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. टेबलावर गर्दी नसते आणि मेंटॉरला वाटतं सगळं सुरळीत आहे. याच दिवसांत गुजराती किंवा मराठी माध्यमातून आलेलं मूल इंग्रजी लेक्चरमध्ये मागच्या बाकावर सरकतं. त्याला ‘कसं चाललंय?’ विचारलंत तर ‘बरं चाललंय’ येणार. त्याऐवजी विचारा: मेस कोणती लावलीस, काल जेवलास का, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये शेजारी कोण असतं? तिन्हींची उत्तरं अडखळली तर त्या आठवड्यात दोनदा भेटा. दोन मेसेजना उत्तर नाही आलं तर फोन, फोन नाही उचलला तर त्याच दिवशी रूममेट. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं काही बोललं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मेंटॉरने द्यायचं नाही. एकटं सोडायचं नाही, वॉर्डन किंवा ठरवून दिलेल्या शिक्षकांना लगेच कळवायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मेंटॉरकडून एकच गोष्ट लिहून घ्या: सहांपैकी कोण सामान सगळं घेऊन घरी चाललंय. सुट्टीनंतर परत न येणारी मुलं बहुधा यांतलीच असतात. त्यांना सुट्टी संपायच्या चार दिवस आधी फोन जायला हवा, आणि तो प्रमुखाचा नको, ओळखीच्या मेंटॉरचाच हवा.

पैसा नव्या मुलांकडून घेऊच नका. झेरॉक्स, रजिस्टर, पाण्याचे जार यांचा खर्च बिलानिशी, दोघांच्या सहीने. मार्चमध्ये पुढच्या प्रमुखाला वही, कम्युनिटीचं ॲडमिनपद, ईमेलचा पासवर्ड आणि कोणत्या खिडकीवर कोण नीट उत्तर देतं याची यादी समोर बसून द्या. पासवर्ड राहिला तर जूनमध्ये सगळं नव्याने उघडावं लागतं आणि प्रवेशाचा सगळ्यात गर्दीचा आठवडा त्यातच जातो.