बहुतेक पिवळा

परवा दुपारी माळ्यावरची जुनी छत्री काढायला स्टुलावर चढलो आणि तो वास आला. ओल्या गोणपाटाचा, जरा आंबूस, सडक्या बटाट्याच्या वासाचा चुलतभाऊच म्हणा. म्हटलं, गेले वाटतं डेलियाच्या फुलझाडांचे कंद.

जुलै महिना, चार दिवस ऊन नाही, कपडे पंख्याखाली, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेलं, आणि अशात माझे कंद तेवढे खडखडीत राहतील ही अपेक्षा. बायको म्हणते, डिसेंबरात नर्सरीत कळ्या आलेलं रोप मिळतं, कुंडीसकट, मग पाच-सहा महिने हे बटाटे सांभाळायचे कशाला. बरोबर आहे तिचं. तरी दर मे महिन्यात मी कुंड्या उलट्या करतोच.

मोबाइलवर शोधावं तर सगळे व्हिडिओ थंडीतले. हिमाने पानं काळी पडली की झाड वीतभर ठेवून कापा, कंद हळूच उकरा, देठ पोकळ असतात म्हणून उलटे ठेवून पाणी निथळू द्या, मग लाकडाच्या भुशात भरून बेसमेंटमध्ये 4 ते 10 डिग्रीत ठेवा. स्वेटर घातलेला तो माणूस इतक्या कळकळीने सांगत असतो की मलाच हुडहुडी भरते. आमच्याकडे बेसमेंट म्हणजे पहिल्या पावसात जिथे पाणी भरतं ती जागा, आणि 4 डिग्री फक्त फ्रिजमध्ये, तिथे ऑलरेडी दोन वाटणं, विरजण आणि कोथिंबिरीचा डबा. सांताक्रूझला पारा सगळ्यात खाली गेला तो 22 जानेवारी 1962 ला, 7.4 वर. म्हणजे मुंबईचा रेकॉर्ड तो त्यांच्या बेसमेंटचा रोजचा आकडा!

आपल्याकडे थंडीत तर डेलिया फुलतो. बिचारा मुळात मेक्सिकोच्या डोंगरातला, तिथे पावसात वाढायचं आणि कोरड्या थंडीत नुसत्या कंदावर तग धरायचा असा त्याचा हिशोब. इथे आणून आपण त्याला ऐन पावसात झोपवतो आणि वर भिजू नकोस म्हणतो. तिकडे हिमाची भीती, इकडे ओलीची. सुकले तर आक्रोड, भिजले तर लगदा.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि तिचे कंद टिकायचे. तिच्याकडे आंब्याची पेटी होती. लाकडी, फटी असलेली, आत पेंढा. मे महिन्यात कंद निघायचे आणि त्याच सुमाराला पेटीतले शेवटचे हापूस संपायचे, म्हणजे आंबे बाहेर आणि डेलिया आत, मधे पेटी एक दिवसही रिकामी नसायची. पावसाळाभर ती पेटी कॉटखाली दोन विटांवर, आणि पेंढ्याला सप्टेंबरपर्यंत हापूसचा वास. आता आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात, कधी पेंढ्याऐवजी कागदाच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांनी माझा घात केलाय असं माझं ठाम मत आहे, ओल शोषतात आणि धरून बसतात. पेंढ्यातून वारा खेळतो.

डोळे आई अंगठ्याने शोधायची. डेलियाचा कोंब बटाट्यासारखा कुठूनही येत नाही, कंदाची मान जिथे जुन्या देठाला चिकटते तिथेच डोळा असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा. मान मोडली किंवा डोळा नसला तर कितीही गलेलठ्ठ कंद असो, तो नुसताच कुजणार. तिला मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशन ती वर्ष वर्ष ढकलत होती, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून, छताकडे बघत, कंदाच्या मानेवरून अंगठा फिरवायची. "आहे." की लगेच सुरी, आणि कापलेल्या जागेला हळद.

प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी. 'राणीबागेतला पिवळा' (तो राणीबागेतून कसा आला हे घरात कोणी विचारायचं नाही), 'वरच्या काकूंचा जांभळा', 'पांढरा मोठा'. नावाचा सोस मलाही आहे. पण नावाचंही काय घेऊन बसलात, डेलिया हे नाव 1791 मध्ये माद्रिदचे वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिल्येस यांनी दिलं ते अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून, आणि डाल तर 1789 मध्येच वारलेला. त्याने हे फूल कधी पाहिलंच नसणार. कुंडीवर भलत्याच माणसाचं नाव, तेही कायमचं.

26 जुलै 2005 ला आम्ही कलिन्यात तळमजल्यावर राहत होतो. मी नववीत. दुपारी दारातून पाणी आत आलं तेव्हा आम्ही फडकी लावत होतो म्हणजे बघा, त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि आम्ही दाराला टॉवेल लावत होतो. मग पाणी मोरीतूनच वर यायला लागलं. बाबा ऑफिसात अडकलेले. मी टीव्ही उचलला, आई कॉटखाली वाकली आणि पेटी ओढून डोक्यावर घेतली, पेंढ्यातून पाणी गळून तिच्या कानावरून खाली येत होतं. आम्ही वरच्या काकूंकडे जिन्यात बसलो रात्रभर, पेटी मधे, एखादं लहान मूल झोपवावं तशी. कॉटखाली पेटीच्या मागे आईबाबांच्या लग्नाचा आल्बम होता. तो आम्हाला तिसऱ्या दिवशी आठवला.

बाबा पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायचे, हिने आल्बम सोडून कंद वाचवले. आई हसायची. एकदाच म्हणाली, अरे तो दिसलाच नाही मला.

चिठ्ठ्यांची शाई मात्र धुऊन गेली. तेव्हापासून आईच्या चिठ्ठीवर 'बहुतेक' आलं. बहुतेक पिवळा. बहुतेक काकूंचा. जानेवारीत फूल आलं की कळायचं, आणि बहुतेक चुकलेलंच असायचं.

तर परवा खोकं खाली काढलं. नऊपैकी चार लगदा, ते कचऱ्यात. तीन आक्रोड झालेले, त्यांच्यावर पाण्याचा हबका मारला. दोन धड. त्यातला एक बिनचिठ्ठीचा, नर्सरीवाला की घरचा ते सांगता येत नाही, कारण मधे एका वर्षी मी सगळे एकत्र केले होते. डोळे मिटून मानेवरून अंगठा फिरवून पाहिला. काहीतरी लागलं. कदाचित मातीच असेल. पेपर बदलला, चिठ्ठीवर 'बहुतेक आईचा' लिहिलं आणि झाकण उघडंच ठेवलं, जरा वारा लागू दे.