आमची वाटचाल: लेबलवरून ‘रोगप्रतिरोधक’ हा शब्द का गेला

आम्ही सफरचंदाची कलमं तयार करतो. खालचा मुळांचा भाग म्हणजे खुंट, त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधतो. एमएम १०६ हा आमचा पहिला खुंट. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग आणि मर्टन इथल्या संशोधकांनी नॉर्दर्न स्पाय या जातीशी संकर करून ही एमएम मालिका काढली ती लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीला तोंड देण्यासाठी. मुळांवर माव्याच्या गाठी धरत नाहीत, म्हणून लेबलवर ‘रोगप्रतिरोधक’ छापणं सोपं होतं. पण पाणी साचणाऱ्या जमिनीत हाच खुंट फायटोफ्थोरा या मातीतून येणाऱ्या रोगाला लवकर बळी पडतो. पानगळीच्या आधीच पानं जांभळट दिसू लागली की मातीलगतची साल चाकूने खरवडावी. आत तपकिरी-नारिंगी डाग निरोगी पांढऱ्या भागापासून रेघ मारल्यासारखा वेगळा दिसला, तर ती बुंधाकूज.

मग एम ९ आला. बुंधाकुजीला तो बऱ्यापैकी टिकतो, पण लोकरी मावा आणि फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग या दोन्हींपुढे कच्चा. फुलातून शिरलेला फायर ब्लाइटचा जिवाणू वरच्या फांदीत काही न दाखवता खुंटापर्यंत उतरतो, तिथली साल चहूबाजूंनी मारतो आणि उभं झाड जातं. खुंटातून निघणारे फुटवेही वेळच्या वेळी काढायचे ते यासाठीच. जिवाणूची ती दुसरी वाट.

न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे १९६८ साली सुरू झालेल्या कामातून जी ४१ आणि जी ९३५ हे खुंट आले. दोघांचा एक पालक रोबस्टा ५, फायर ब्लाइटला दोघेही दाद देत नाहीत. मावा मात्र जी ४१ वर टिकत नाही, जी ९३५ वर बसतो. एकाच घरातले दोन भाऊ, स्वभाव वेगळे! म्हणून आता प्रत्येक खुंटापुढे किडीचं किंवा रोगाचं नाव लिहितो: मावा, बुंधाकूज, फायर ब्लाइट, पुनर्लागवड (जुन्या बागेच्या जागी नवी रोपं खुरटतात तो रोग). शिवाय एक ओळ ठळक असते: खुंट चिवट म्हणून वरची जात वाचत नाही. फुलांवरची फवारणी चुकत नाही.

सर्वांत महाग धडा विषाणूंचा. ज्या मातृझाडावरून काडी घेतो त्यात लक्षण न दाखवणारे विषाणू जी ९३५ आणि जिनिव्हाच्याच जी १६ या खुंटाला सोसत नाहीत. खुंट आणि काडीचा सांधा जुळल्यासारखा वाटतो आणि रोप खंगत जातं. त्यामुळे या दोन खुंटांवर विषाणूमुक्त चाचणी झालेलीच काडी वापरायची.

नवे खुंट तयार करायच्या मातृवाफ्यात झाडाच्या विश्रांतीच्या काळात खुंट जमिनीलगत छाटतो. फुटवे १०-१५ सेंमी झाले की निम्म्या उंचीपर्यंत ओला भुसा चढवतो, वाढ होईल तसा पुन्हा. भुसा एकदा वाळला की मुळं रुसतात. जी ४१ ला तर अशीही मुळं कमीच फुटतात.

लावताना सांधा मातीच्या १०-१५ सेंमी वर हवा. तो गाडला गेला तर वरच्या जातीला मुळं फुटतात, ठेंगणेपणा जातो आणि बुंधाकुजीला दार उघडतं. जी ४१ चा सांधा काही जातींशी ठिसूळ जुळतो. रोप उचलताना खुंटाला धरावं, काडीला नाही, आणि लावल्या दिवशीच आधाराला बांधावं.