मराठी कादंबरीला एजंट कुठून आणायचा

माझी भाची बंगलोरला असते आणि इंग्रजी भरपूर वाचते. माझ्या कादंबरीचं बाड वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, एकेका प्रकाशकाला पाठवत काय बसलीयेस, आधी एखादा लिटररी एजंट शोध ना." तिचं चूक नव्हतं, इंग्रजीत तसंच चालतं, लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधायचं आणि करार ठरवायचं काम एजंट करतो. पण मराठीत एजंट हा प्रकार जवळपास नाहीच, आणि का नाही हे मला साधा हिशोब मांडल्यावर कळलं. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती हल्ली बऱ्याचदा ५०० प्रतींची असते. समजा किंमत ३०० रुपये आणि रॉयल्टी १० टक्के, तर सगळ्याच्या सगळ्या प्रती खपल्या तरी लेखकाला मिळणार १५,००० रुपये, आणि एजंटचं नेहमीचं कमिशन १५ टक्के धरलं तर त्याच्या वाट्याला २,२५० रुपये. एवढ्यासाठी कोण चारशे पानं वाचणार, दुरुस्त्या सांगणार, प्रकाशकांशी बोलणार आणि वर करारातलं कलम न् कलम तपासणार?

म्हणजे ते काम लेखकावर येतं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांचं थोडं तरी निभतं, कुणाच्या तरी पुस्तक प्रकाशनाला गेलं की संपादक भेटतो, कुणीतरी सांगतं की अमुककडे सध्या कादंबऱ्या घेत नाहीत, तमुककडे पाठव. आम्हाला इंदुरात हे कोण सांगणार? मराठी वाचणारे इथे आहेत, साहित्य संमेलनं झालीत, १९१७ला, १९३५ला, २००१ला, पण प्रकाशक तिकडे आणि आम्ही इकडे, मधे एक रात्रीची गाडी. मराठी लेखकाला एजंटची गरज असेल तर ती सगळ्यात जास्त आम्हाला बृहन्महाराष्ट्रातल्या लोकांना आहे असं मला मनापासून वाटतं.

भाचीच्या आग्रहाने इंग्रजीचा रस्ताही करून बघितला. भारतात एजन्सी आहेत, जयपूरची सियाही, कनिष्क गुप्तांची रायटर्स साइड, आणखीही आहेत, पण त्यांचं बरंचसं काम इंग्रजीतून चालतं, त्यामुळे मराठी कादंबरी तिथे न्यायची तर आधी निदान काही प्रकरणांचा चांगला अनुवाद हवा. २०२२ला गीतांजली श्रींच्या हिंदी कादंबरीच्या अनुवादाला आणि २०२५ला बानू मुश्ताकांच्या कन्नड कथांच्या अनुवादाला इंटरनॅशनल बुकर मिळालं, तेव्हापासून अनुवादाकडे बघायची नजर बदललीय हे खरं आहे. त्या पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे निम्मे होतात, हे मला फार आवडलं, आणि म्हणूनच ज्या मुलीने माझी प्रकरणं इंग्रजीत केली तिच्याशी मी पहिल्याच दिवशी पैशांचं आणि नावाचं लेखी ठरवून घेतलं.

एजंटला पाठवायचं म्हणजे साधारण एका पानाचं क्वेरी लेटर, म्हणजे पुस्तकाची आणि आपली ओळख करून देणारं पत्र, सिनॉप्सिस, म्हणजे कथानकाचा सारांश, आणि पहिली तीन प्रकरणं. सिनॉप्सिसमधे शेवटसुद्धा सांगून टाकायचा असतो, तो लपवायचा नसतो. आणि कादंबरी पूर्ण झालेली हवी, अर्धवट पाठवून "आवडली तर पुढे लिहिते" हे नव्या लेखकाच्या कादंबरीला चालत नाही. एक गोष्ट तर प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी, खरा एजंट वाचायचे पैसे मागत नाही, तुम्हाला पैसे मिळाले की त्यातूनच त्याला मिळतात.

नंतर वाट बघणं. बऱ्याच एजन्सी आधीच सांगून ठेवतात की इतक्या आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजा. मला नकाराचा मेल चालतो पण हे न आलेलं उत्तर फार छळतं, कारण ते नक्की कोणत्या दिवशी आलं नाही हे कळत नाही, रोज थोडं थोडं येत नाही. यावर मला एकच उपाय सापडलाय, पाठवतानाच वहीत शेवटची तारीख लिहायची आणि ती उलटली की नावावर रेघ मारून त्याच आठवड्यात पुढच्या नावाला पाठवायचं. आणि त्या काळात हातात दुसरं काहीतरी लिहायला हवंच, मी दिवाळी अंकांसाठी कथा लिहिते, त्या जून-जुलैपर्यंत पाठवाव्या लागतात म्हणून उन्हाळा त्यात जातो. कथेचं उत्तर कादंबरीपेक्षा लवकर येतं, कधी 'साभार परत', कधी स्वीकृती, पण कुणीतरी वाचलंय हे कळतं आणि तेवढ्यावर पुढचे काही महिने निघतात.

सगळ्यात जास्त लागलेला नकार मात्र मराठीतला होता. पत्र अगदी सौजन्याचं होतं, कादंबरी शेवटपर्यंत वाचली होती हे दिसत होतं, आणि त्यात एक ओळ होती की संवादांमधे हिंदी फार आहे, ते प्रमाण मराठीत आणता आले तर पुन्हा विचार करू. आता माझी कादंबरी आहे इंदूरच्या रामबागेतल्या एका घराची. तिथे आजी मराठीत रागावते, नातू तिला हिंदीत उत्तर देतो, दुधवाल्याशी बोलताना माळवी येते आणि सगळे एकमेकांना समजतात. सूनबाई "मी येतेय" असं न म्हणता "मी येऊन राहिले" म्हणते कारण आमच्याकडे तसं बोलतात. हे काढलं तर ते घर इंदुरातलं राहत नाही, सदाशिव पेठेतलं होतं. मी खूप रडले त्या दिवशी. नंतर लिहून कळवलं की संवाद बदलणार नाही, आणि वाचल्याबद्दल आभार मानले, ते खरेच आभार होते.

पण त्याच पत्रात दुसरंही होतं, की पहिली साठेक पानं रेंगाळतात. हे मला आधी एका एजंटच्या मेलमधेही आलं होतं. दोन माणसं, एकमेकांना न ओळखणारी, दोन भाषांमधून वाचून एकाच जागी अडखळली, तर तिथे खड्डा आहे. ती पानं मी कापली. नकारातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं यासाठी माझ्याकडे एवढाच नियम आहे, दोघांनी तेच सांगितलं तर ऐकायचं, आणि पुस्तक ज्या कारणासाठी लिहिलं तेच काढायला सांगत असतील तर दहा जणांनी सांगितलं तरी नाही. नकार आला त्या दिवशी मात्र बाड उघडायचंच नाही, त्या दिवशी प्रत्येक वाक्य वाईट दिसतं. मोठमोठ्या लेखकांना किती नकार आले होते त्या गोष्टी लोक समजूत घालायला सांगतात, मला त्यांनी कधीच बरं वाटलं नाही, माझं पुस्तक वेगळं आहे आणि ते अजून छापलेलं नाही.

आणि पैसे मागणारे भेटतातच. "छपाईचा खर्च तुम्ही करा" किंवा "दोनशे प्रती तुम्हीच विकत घ्या", आणि हे नेमकं दोन-तीन नकारांनंतर येतं जेव्हा माणूस थकलेला असतो. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, पण मग ते उघड तसं म्हणून, प्रेसकडून दर घेऊन, सगळे हक्क स्वतःकडे ठेवून करावं. प्रकाशकाचं नाव, लेखकाचे पैसे आणि वर हक्कही प्रकाशकाचे, असा करार माझ्यासमोर आला होता, मी सही केली नाही.

सध्या कापलेलं बाड एका नव्या ठिकाणी गेलंय, वहीत तारीख आहे. ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, कुठेही बसून मराठीत लिहिणारे कोणी असाल तर मला सांगा, कोणता प्रकाशक मेलवर युनिकोड फाइल घेतो, कोणाला छापील प्रतच लागते, कोण किती दिवसांत उत्तर देतो. माझी यादी मी तुम्हाला देते, पैसे मागणाऱ्यांची वेगळी आहे तीही देते.